कोंडावर बसलेल्या लेकी

रत्नागिरीत भाट्याच्या पुलावर संध्याकाळी ओहोटी लागली की खाडीचा वास बदलतो. भरतीच्या वेळी तो सगळा समुद्राचा असतो; खारा, मासळीचा, वाळत घातलेल्या जाळ्यांचा. पण पाणी मागे सरू लागलं, चिखलाच्या कडा उघड्या पडल्या, की वरच्या अंगाने नदी हळूच आपलं म्हणणं पुढे करते. त्या वासात गोडं पाणी असतं, कुजलेला पाला असतो, शेवाळलेला कातळ असतो. बरोबर फिरायला येणाऱ्या बायका नाकाला पदर लावतात. मी कठड्याला टेकून तो छातीभर घेते. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलंय, मी मात्र नाकासाठी येते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ही नदी माझ्या माहेराहून येते. संगमेश्वर तालुक्यात, अगदी सह्याद्रीच्या पायथ्याला माझं गाव आहे, आणि तिथला कातळ धुऊन निघालेलं पाणी माझ्या सासरच्या उंबऱ्याशी येऊन समुद्राला मिळतं. निरोप आणणारं इतकं जुनं माणूस आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

परवा मात्र निरोप फोनवर आला. गावातच दिलेल्या चुलतबहिणीने एक फोटो पाठवला. आमच्या कोंडावर पिवळाधमक बोर्ड लागलाय. कोंड म्हणजे नदीच्या पात्रातला खोल डोह. ‘संरक्षित क्षेत्र. मासेमारीस, पाण्यात उतरण्यास व माशांना अन्न टाकण्यास सक्त मनाई.’ बोर्डामागे तारेचं कुंपण, आणि जिथून आम्ही खाली उतरायचो तिथे फाटक, फाटकाला कुलूप. बहिणीने खाली एवढंच लिहिलं होतं, ‘आता काय करूया गो?’ मी दोन दिवस तिला उत्तर दिलं नाही. मी रागात होते, आणि रागाच्या भरात मी फार वाईट लिहिते.

आधी तो कोंड कसा आहे ते सांगते. आमची नदी पावसात माजते आणि होळीनंतर तुटते. चैत्रात पात्र म्हणजे नुसते गोटे, आणि मधेमधे राहिलेले कोंड. सगळ्या नदीचा जीव उन्हाळाभर त्या कोंडांत मुक्कामाला असतो. पुढे पाऊस लागला की तिथलेच मासे वर चढतात, ओढ्यांत, वहाळांत, भाताच्या खाचरांत शिरतात, आणि अख्खा गाव ‘चढणीचे मासे’ म्हणत खुशाल त्यांच्यावर तुटून पडतो. आम्ही काही सोवळे नव्हतो. वरच्या कोंडातलं खायचो, खालच्या कोंडातलं खायचो, खेकड्यांना तर बिळातून हात घालून ओढायचो. पण मधल्या कोंडाला हात लावायचा नाही. वरचा काळा धोंडा आणि खालचं वाकडं उंबर यांच्या मधलं पाणी वर्ज्य होतं. त्यात तांबूस खवल्यांचे मोठमोठे मासे संथ फिरत असत, काही तर हातभर लांब. शिकलेले लोक त्यांना म्हसीर म्हणतात. आमच्या गावात त्यांना नुसतं ‘पोरी’ म्हणत. ‘पोरींना भात घातलास काय गो?’ असं आई घरावरून येणाऱ्याजाणाऱ्या बाईला सहज विचारायची.

कारण त्या खरंच पोरी होत्या. गावची मुलगी लग्न होऊन निघाली की वेशीपर्यंत जाण्याआधी तिला कोंडावर नेत. तिथल्या सपाट कातळावर उभं राहून ती आपल्याच लग्नातला मूठभर भात पाण्यात सोडायची. त्या क्षणापासून कोंडात एक मासा तिचा. कुठला, ते कोणी विचारत नसे. पुढे ती माहेरपणाला आली की आधी कोंडावर जायची, मग घरी. आणि सासरच्यांनी गौरी-गणपतीलाही पाठवली नाही, तर तिची आई पानावर भात घेऊन जायची आणि तिच्या वाट्याचा घालून यायची. अशा बाया मी पाहिल्या आहेत. पाण्याकडे बघत, ओठ न हलवता त्या किती वेळ उभ्या राहत. वर येताना डोळे पुसलेले असत आणि चेहरा अगदी रोजचा. गावच्या लेकीला कोणी खात नाही, म्हणून तो मासा कोणी खात नव्हतं. नियम एवढाच, आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता.

अलीकडे देवरायांवर पुष्कळ लिहून येतं. देवाच्या भीतीने रान राहिलं, हे खरंच आहे. पण आमच्या कोंडावर देव नव्हता. शेंदूर नव्हता, घंटा नव्हती, कोप नव्हता, अंगात येणं नव्हतं. मासा मारला तर रक्त ओकाल असं कोणी म्हणत नसे. मला या गोष्टीचा आजही ताठा आहे. भीतीने राखलेली गोष्ट भीती गेली की जाते. आमच्याकडे भीतीच नव्हती, नातं होतं.

त्या नात्याला आणखी एक बाजू होती, आणि या लेखाचं सगळं ओझं तिच्यावर आहे. सासरी नांदणं अशक्यच झालं आणि एखादी लेक कायमची परत आली, तर ती थेट घरी जात नसे. कोंडावरच्या कातळावर येऊन बसे. गावात बातमी पोचायची, ‘अमक्याची लेक कोंडावर बसलीय.’ मग माहेरच्या पुरुषाने खाली उतरायचं, तिचा हात धरायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, ‘चल बाय, घर तुजा हाय.’ कोंडावर बसलेल्या लेकीला परत पाठवत नाहीत. भाऊ गरीब असो, भावजय खाष्ट असो, पाठवत नाहीत. आणि एकदा ते वाक्य बोललं की पुढे आयुष्यभर तिला कोणी ‘तू इथे का?’ असं विचारायचं नाही.

माझी आत्या अशीच आली होती. मी तेव्हा परकरात होते. एका दुपारी बाबा ताटावरून उठले, हात धुतले न धुतले आणि धावत खाली गेले. परत आले ते आत्याचा हात धरून. तिचं बोचकं बाबांच्या डोक्यावर होतं. बाबा गावचे गावकर, म्हणजे मानाचा पहिला नारळ त्यांचा. त्यांना डोक्यावर बोचकं घेतलेलं मी एरवी कधी पाहिलं नाही. आत्या त्या दिवसापासून आमच्या घरात राहिली. तिने हातातली काकणं उतरवून ठेवली आणि पुन्हा भरली नाहीत. उंच, काटक, बोलायला तिखट. शेतात दोन गड्यांचं काम करायची आणि घरात बसली तरी तिचं बूड टेकलंय असं वाटत नसे. मला मात्र ती फार हसवायची. नवऱ्याबद्दल कधी कोणी विचारलंच तर म्हणायची, ‘मानूस वाईट नव्हता, फक्त मारताना थांबायचा इसरायचा.’ आणि आपणच हसायची. ते हसणं ऐकून आई आत निघून जात असे.

ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत गावाला रस्त्याचं वेड लागलं होतं. वेड म्हणते, पण गरज खरी होती. एसटी फाट्यावर थांबायची, तिथून गाव म्हणजे डोंगर चढून उतरायचा. आजारी माणसाला डोलीत घालून न्यावं लागे. मुंबईच्या गिरण्या बंद पडून काही जण कायमचे परतले होते, त्यांनाही वाटे की रस्ता झाला तर इथे काहीतरी करता येईल. अखेर रस्ता मंजूर झाला आणि मोजणीला एक साहेब आला. कुठल्या कचेरीचा, ते सोडून देऊ. माणूस काही राक्षस नव्हता. बाबांनी त्याला हौसेने गाव दाखवला, कोंडही दाखवला. कातळावर वाकून साहेब त्या तांबूस माशांकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘गावकर, यातला एखादा खायला घाला की कधी!’ माणूस बोलून जातो, तसा बोलला. आणि बाबांच्या तोंडून निघून गेलं, ‘साहेब, रस्त्याचा नारळ फोडायला या, तुम्हाला यातलेच वाढतो.’

ही चूक आमच्याच माणसांच्या हातून व्हायची. घरात फुटकं भांडं असलं तरी पाहुण्यासमोर नाही म्हणायचं नाही. पाहुण्याने गाय सुंदर आहे म्हटलं तर दावं सोडून त्याच्या हातात द्यायला निघणारे लोक आम्ही. बाबांना शब्द निघताक्षणीच तो सलला असणार. पण गावकराचा शब्द. चार माणसांदेखत गेलेला. तो मागे घेणं म्हणजे डोक्यावरची टोपी काढून साहेबाच्या पायाशी ठेवणं, असं त्यांना वाटत होतं. वैशाखातला दिवस ठरला. चाकरमानी मुंबईहून आलेले असणार, नदी तुटलेली असणार, सगळं जुळून येत होतं. कोंड खोल, तिथे जाळं पोचत नाही, तेव्हा मुंबईहून आलेल्या एकाने उपाय काढला. रस्त्याची खडी फोडणाऱ्यांकडून एक सुरुंग मागून आणायचा. पाण्यात टाकला की सगळे मासे पोट वर करून तरंगतात, हवे तेवढे उचलायचे. हवे तेवढे! बाकीच्यांचं काय, हे त्याला कोणी विचारलं नाही. एका धडाक्यात त्या कोंडातलं बोटभर पिल्लूदेखील उरलं नसतं, आणि पुढच्या पावसात नदीला चढायला कोणी राहिलं नसतं.

आत्याला हे कळलं ते पडवीत. पुढचा संवाद आईने मला नंतर इतक्या वेळा सांगितला, की मी तिथे नव्हते हे मला आता खरं वाटत नाही.

‘सुरुंग लावनार म्हने कोंडाला?’

‘साहेबाला शब्द गेलाय माजा,’ बाबा खाली मान घालून म्हणाले. ‘रस्ता गावासाठी हाय. तुला नको काय रस्ता?’

‘हवा हाय. पन शब्द तुजा नि पोरी कोनाच्या?’

‘मासे हायत ते. मासे.’

आत्याने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, ‘मला न्यायला आलास तवा त्या पोरी व्हत्या. आता मासे झाले. उद्या मी कोन व्हनार, ता आजच सांगून ठेव. मंजे बोचका बांधायला बरा.’

बाबा उठून गेले. आत्याला जे दिसत होतं ते गावातल्या शहाण्यासुरत्या पुरुषांना दिसत नव्हतं. कोंडातली लेक खाल्ली, की कातळावर बसलेल्या लेकीला घरात घ्यायचं कारण संपतं. तिचं घर त्या पाण्यावर उभं होतं. एक वाक्य, त्याला आधार एका कोंडाचा. त्याच्या बाहेर तिच्या नावावर या जगात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकणवाली आली. संगमेश्वरच्या बाजारातली मुसलमान बाई, आम्ही तिला खाला म्हणायचो. डोक्यावर काकणांची पेटी घेऊन पंचक्रोशीत फिरायची. आमच्या गावच्या कुठल्या मुलीला कुठे दिली, कुणाचा हात नरम, कुणाचा कडक, कुणाच्या मनगटावर वळ असतो, सगळं तिला ठाऊक. आत्याने तिला पडवीत बसवलं आणि दोन्ही हात पुढे केले. ‘भर. हिरवी. कोपरापातुर.’ खाला तिच्या तोंडाकडे बघत राहिली, म्हणे. मग मुकाट्याने एकेक काकण चढवत गेली. भरून झाल्यावर आत्याने सांगितलं, ‘आता आमच्या जिथं जिथं पोरी दिल्यात थितं जा. हरेकीला सांग, कोंड मारतायत. नारळाच्या आदल्या सांजंला यावा. हिरवी काकना भरून यावा. न्यायला येईपातुर कोंडात उभा ऱ्हायचा हाय.’ खालाने पेटी उचलली. जिथे तिचे पाय पोचत नव्हते तिथे एसटीच्या कंडक्टरांनी निरोप नेला. कोणी देवरुखच्या स्टँडवर सोडला, कोणी मुंबईच्या गाडीत दिला. पुरुषांच्या चहाच्या टपरीवर मात्र तो कुणाच्या कानावर गेला नाही. बायकांचा निरोप असल्यामुळे कुणी कान दिलाच नसावा.

मला तो इथे रत्नागिरीत मिळाला. माझ्या लग्नाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी पिशवी भरायला घेतली तशी सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या दापोलीकडच्या मुरुडच्या, समुद्रकाठच्या. शिस्तीच्या आणि मितभाषी. ‘कुठे निघालीस?’ म्हणाल्या. खोटं सुचलंच नाही मला. ‘कोंडात उभी राहायला,’ मी म्हटलं. ‘किती वेळ?’ ‘न्यायला येईपर्यंत.’ मग भीत भीत सगळी हकीकत सांगितली. आता काही बोल ऐकावे लागणार म्हणून मी पिशवीचे बंद घट्ट धरून उभी होते. त्या आत गेल्या आणि पातेल्यातला भात पानात बांधून घेऊन आल्या. ‘माझ्या नावचा घाल तिथे,’ म्हणाल्या. ‘आमच्या मुरुडला एवढा मोठा समुद्र, पण लेकीने येऊन बसावं असं त्यात काही नव्हतं.’ त्यानंतर आयुष्यभर त्यांनी मला याबद्दल ना काही विचारलं ना सांगितलं. पण तो भात बांधणारा हात मला अजून दिसतो.

नारळाच्या दिवशी उजाडताना आम्ही कोंडावर उतरलो. किती जणी होतो ते मोजलं नाही, पण कातळ अपुरा पडला एवढं आठवतं. आजीच्या वयाच्या होत्या, कडेवर पोर असलेल्या होत्या, पहिलटकरीण होती, मुंबईच्या चाळीतून आलेली एक चष्मेवाली होती. काही सासरी सांगून आल्या होत्या, काही न सांगता. त्यांचं पुढे काय होईल ते त्यांनाच ठाऊक. कोंडाच्या कडेला पाण्याखाली एक रुंद थर आहे कातळाचा, त्यावर कमरेएवढं पाणी असतं. पुढे एकदम खोल. आत्या पहिली उतरली. मग आम्ही. वैशाखातसुद्धा ते पाणी अंगावर काटा आणणारं गार होतं. लुगडी फुगली, मग चिकटली. थोड्या वेळाने मासे आले. त्यांना वाटलं, भात. आमच्या पोटऱ्यांना तोंडं लावून ते फिरू लागले, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या त्या सगळ्या बायका गुदगुल्या होऊन फिदीफिदी हसू लागल्या. पुरुष आले तेव्हा आम्ही हसत होतो. त्यांना त्याचाच सगळ्यात जास्त राग आला, असं मला वाटतं.

पुढे तो मुंबईवाला होता, सुरुंग फडक्यात गुंडाळून छातीशी धरलेला. मागे गावचे सगळे. ‘काय चाललाय काय ह्या? भायेर या! शोभता काय?’ कुणी दरडावलं, कुणी विनवलं. वर सुनांना हाक गेली, समजवा म्हणून. पण सुना कातळाच्या वर ओळीने उभ्या राहिल्या आणि कोणी हललं नाही. त्या दिवशी गावात एकीनेही मसाला वाटला नव्हता. माझ्या आईने पाटा धुऊन भिंतीला उभा करून ठेवला होता, आणि पाटा उभा केला की त्या घरात वाटण होणार नाही हे कोणालाही कळतं.

शेवटी बाबा पुढे आले. पांढरा इस्त्रीचा सदरा, पायात करकरीत नव्या वहाणा. साहेबाची जीप फाट्यावर कधीही येणार होती. ‘भायेर ये,’ ते आत्याला म्हणाले. आवाज मोठा काढायचा होता, पण निघाला नाही.

‘मी कोंडावर बसलंय,’ आत्या म्हणाली. ‘आमी सगल्याच बसलाव. न्यायला येतासा काय, तेवढा सांगा. न्यायचा नसंल तर टाका तुमचा सुरुंग.’

वर आंब्यावर एक कावळा ओरडत होता, तेवढाच. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, कोणी पाण्यात उतरून हाताला धरून ओढेल. पण ओढणार कसे? या कोंडात लेकीचा हात धरायचा तर एकच वाक्य म्हणावं लागतं, आणि ते म्हटलं की सुरुंग टाकता येत नाही. आत्याने त्यांना त्यांच्याच रीतीत उभं केलं होतं, आणि बाहेर पडायला वाट एकच ठेवली होती.

सगळ्यात आधी हलला तो पहिलटकरणीचा बाप. साधा कुळवाडी माणूस, कधी सभेत तोंड न उघडणारा. पोरगी थंडीने कुडकुडत होती, ते त्याला बघवेना. तो धोतर न खोचता तसाच पाण्यात शिरला, तिचा हात धरला आणि रडक्या आवाजात म्हणाला, ‘चल बाय, घर तुजा हाय.’ मग दुसरा उतरला. मग एक भाऊ, एक चुलता. ज्यांचं कोणी उरलं नव्हतं त्यांना शेजारच्यांनी नेलं. ते वाक्य त्या कातळांतून पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या आवाजांत उमटत राहिलं. चष्मेवालीला न्यायला तर तो मुंबईवालाच आला. तिचा सख्खा भाऊ. फडकं त्याने काठावर ठेवलं तेव्हा आत्या ओरडली, ‘ता जिथून आनलास थितं ठेवून ये आधी!’ आणि बहिणीला पाण्यात तशीच ठेवून तो खरंच आधी सुरुंग परत करायला पळत गेला. एवढ्या ताणातही आम्ही हसलो.

शेवटी पाण्यात आम्ही दोघी राहिलो. आत्या आणि मी. बाबांची बहीण आणि बाबांची लेक. बाबा काठावर एकटे. त्यांनी एकदा वर जीपच्या वाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर खाली घेतली नाही. माझे दात वाजत होते, पण मी नजर घेतली नाही. मग ते नव्या वहाणांसकट पाण्यात आले. आत्याचा हिरव्या काकणांचा हात धरला आणि ते वाक्य म्हणाले, तोंडातल्या तोंडात.

‘आयकू नाय आला,’ आत्या म्हणाली.

‘चल बाय,’ बाबा म्हणाले, आणि या वेळी ते वर सुनांपर्यंत पोचलं. ‘घर तुजा हाय.’

कमरेपर्यंत भिजलेले, एका हातात बहीण आणि दुसऱ्या हातात लेक अशा अवतारात आमचे गावकर साहेबाला सामोरे गेले. म्हणाले, ‘साहेब, मी दिलेला शब्द माजा नव्हता. ता मागं घेतंय.’ साहेबाने हातपाय धुतले. मग कुळथाची पिठी, भात आणि पापड असं जेवून, नारळ फोडून गेला. तो रस्ता पुढे कितीतरी वर्षं अर्धवट पडून होता. कोंडामुळे पडला, असं गावचे पुरुष मरेपर्यंत म्हणत राहिले, आणि डोली खांद्यावर घ्यायची वेळ आली की आम्हाला ऐकवत राहिले. खरं काय, मला माहीत नाही. आत्याचं मत वेगळं होतं. ‘पिठी मागून मागून जेवला. रागावलेला मानूस पिठी मागून घेतो काय?’ पण बाबांच्या मानाला तडा गेला तो गेलाच. मला तो दिसत असे, आणि बाबा मला त्या दिवसाइतके मोठे कधी वाटले नाहीत, हे मी त्यांना सांगितलं होतं. ते नुसते ‘बरं’ म्हणाले होते.

आत्या गेली त्यालाही आता पुष्कळ पावसाळे झाले. काकणं तिने शेवटपर्यंत हातात ठेवली. खाला पेटी घेऊन यायची तेव्हा फुटलेली तेवढी बदलून जायची आणि त्याबद्दल काही घ्यायची नाही.

मध्यंतरी मुलाने हौसेने आम्हाला एक राष्ट्रीय उद्यान दाखवायला नेलं. उघडी जीप, तिकीट, ‘बोलू नका’ची ताकीद. वाघ दिसला. सुंदर होता, खोटं कशाला बोलू? गाइड मुलगा चांगला होता. तो म्हणाला, इथे आत पूर्वी गावं होती, आता उठवली, त्यामुळे रान छान राहिलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्याला विचारलं, गावं होती तेव्हा वाघ नव्हता का? तो हसला. मुलाने माझ्या पायाला पाय लावला. मला वाद घालायचा नव्हता. माणसाने रान खाऊन टाकलंय हे मला कळतं; मी सुरुंग पाहिलेला आहे. कुंपणाची गरज पडते हेही कळतं. मला एवढंच विचारायचं असतं, की राखलं कोणी ते, कुंपण घालण्याआधी एकदा विचाराल की नाही?

बोर्डावरच्या नंबरावर मी फोन केला होता. पलीकडचा अधिकारी तरुण होता, अगदी अदबीने बोलला. ‘मॅडम, तुमच्या भावना समजतात, पण अन्नामुळे पाणी बिघडतं.’ असेलही. विज्ञान त्याचं जास्त आहे, मी मूठ लहान करीन. चार शितं घालीन. पण कुलूप? ‘मॅडम, संरक्षण म्हटलं की सगळ्यांनाच मनाई.’ सगळ्यांनाच! ज्यांनी सुरुंग आणला आणि ज्या पाण्यात उभ्या राहिल्या, त्या सगळ्यांना एकच कुलूप. अरे बाबा, तू राखायला आलास, ये. आनंदच आहे. आमचे पुरुष पांगले, आम्ही म्हाताऱ्या झालो, कोणीतरी यायलाच हवं होतं. पण घर सांभाळायला आलेल्या माणसाने पहिलं काम काय करावं, तर लेकीला दारातून परत पाठवावं?

काल रात्री मी बहिणीला उत्तर लिहिलं. हिरवी काकणं भरून ठेव, म्हटलं. खालाची नात संगमेश्वरात दुकान चालवते, तिलाही फोन केला. तिच्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत. आता पेटी डोक्यावर घ्यावी लागत नाही, एवढीच काय ती सोय झाली. मुलगा म्हणाला, ‘आई, या वयात? तिथे आता तुझं आहे कोण?’ त्याचं खरं आहे. बाबा नाहीत, आत्या नाही. भाऊ मुंबईला, माहेरच्या दाराला कुलूप. न्यायला खाली उतरून येईल असं माझं त्या गावात कोणी राहिलेलं नाही.

तरी उद्याच्या पहिल्या एसटीने मी जाणार आहे. पिशवीत पानात बांधलेला मूठभर भात आहे. थोडा सासूबाईंच्या नावचा, थोडा आत्याच्या, थोडा माझा. फाटक बंद असेल तर उंबराच्या बाजूने उतरता येतं, ती वाट कुंपणवाल्यांना ठाऊक असणं शक्य नाही. गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत. मी कातळावर जाऊन बसणार. ज्याने बोर्ड लावला, घर आता त्याच्या ताब्यात आहे, तर न्यायला यायचं कामही त्याचंच. त्याने बूट घालून यावं, नाहीतर काढून यावं. पण खाली उतरावं, माझा हात धरावा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ते वाक्य म्हणावं. तोवर मी काही उठत नाही.